थोरले महाराज जमिनीवरून उठले त्याची हकीकत

श्रीगजानन, श्रीकुलस्वामिनी, आणि मनुष्याचे गुडघे, घोटे व कंबर यांची जी कोणी अधिष्ठात्री देवता असेल ती, तिघांस साष्टांग नमन करून, आणि साष्टांग घातल्यावर परत उठता यावे इतकी कृपा मागून, हा मजकूर लिहिला असे. पाहिले तैसे लिहिले, ऐकिले ते पारखून लिहिले.

शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरे, ते साली डोंगराआडच्या एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, थोरले महाराज रायाजीराव गादीवर होते आणि वय सत्तरीस पोहोचले होते. तरुणपणी महाराज घोड्यावर मांड टाकीत तेव्हां घोडाच आधी दमत असे, ऐसे जुने लोक सांगत. परंतु त्या राज्याची चाल ऐशी की गादीवरील पुरुष साठीस आला म्हणजे त्यास उठण्याबसण्याचे श्रम पडू देऊ नयेत, त्यातच त्याचा मान. सबब बसवावयास बसवणीस, पायात जोडे सरकवावयास पायताणदार, आणि सर्वांत थोर तो उठावणीस, ऐशा असाम्या नेमलेल्या होत्या. उठावणिशी त्र्यंबकपंतांच्या घराण्यात तीन पिढ्यांची. महाराजांनी नुसता उजवा हात पुढे करावा आणि पंतांनी त्यांस उभे करावे, ऐसे दहा वर्षे बिनतक्रार चालले. आणि महाराजांनी भूमीस पाठ, गुडघा वा तळवा लावला नाही, आणि ही गोष्ट सर्वांस बहुत शोभेची वाटे.

ते साली चैत्रमासी युवराजांस पुत्र जाहला. त्यास बाळराजे म्हणत. युवराज सरहद्दीवर ठाण्यांच्या बंदोबस्तास, आणि घरी त्यांच्या पत्नी, राणीसाहेब मैनाबाई. बाई माहेरी शास्त्र्यांपाशी लिहिणे-वाचणे शिकलेल्या, नजरेच्या बारीक, आणि पहिलेच मूल, म्हणून काळजीच्याही बारीक. बाळ शिंकला तर दोन खिडक्या लावीत, आणि पुन्हा शिंकला तर कोंदट जाहले म्हणून त्याच दोन उघडीत. बाळास कडेवरून खाली म्हणून ठेवीत नसत. मग पौषमासी एके दिवशी महाराजांनी बाळास घेतले आणि खिडकीतून पोपट दाखवावा म्हणून वळले, तो अंग वळले आणि पाय जागीच राहिले, आणि महाराज डुलले. त्र्यंबकपंतांनी एका हाती महाराज आणि दुसऱ्या हाती बाळ सावरले. कोणी पडले नाही. परंतु राणीसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले, आणि बाळास उराशी घेऊन त्या म्हणाल्या, “मामंजी, आजपासून बाळाला उभ्याने घेऊ नका. बसल्या बसल्याच घ्या.” महाराज म्हणाले, “बरे, सूनबाई.” परंतु त्या दिवसापासून बाळास द्या म्हणून त्यांनी हात पुढे केला नाही, बसूनही नाही, आणि ही गोष्ट राणीसाहेबांनी पाहिली.

आता त्या राज्यात आणखी एक चाल होती, ती भूमिदर्शनाची. बाळाचे वर्ष पुरे होताच देवीच्या अंगणात, खाली काही न अंथरता, उघड्या मातीवर कुळातील सर्वांत वडील पुरुषाने बाळास बसवावे, आपण शेजारी बसावे, मग कोणाचा हात न धरता, काठी न टेकता उठावे, आणि बाळास उचलून सूर्यास दाखवावे. हे न जमले तर त्या पुरुषाचे राजवाड्यातले राहणे पुरे जाहले ऐसे समजून त्याने त्याच दिवशी तळगढीस जावे. तळगढी म्हणजे डोंगराखाली नदीकाठी एक बेताची इमारत. तेथे खाणेपिणे, सेवा, सर्व काही उत्तम, फक्त राजवाड्यात परत मुक्कामास येऊ नये. महाराजांचे चुलते तेथेच गेले, वडीलही तेथेच गेले. जे राज्य मनुष्यास दहा वर्षे उठू देत नाही तेच त्यास एके दिवशी सर्वांदेखत ऊठ म्हणते, यात काही विपरीत आहे ऐसे कोणाच्या मनात आले नाही, कारण दोन्ही चाली सारख्याच जुन्या होत्या.

तो एके दिवशी राणीसाहेब बाळास घेऊन सदरेच्या दाराशी आल्या आणि आतून बोलणे ऐकू आले. महाराज विचारीत होते, “पंत, तळगढीला खिडक्या आहेत का हो?” पंत म्हणाले, “आहे की महाराज, एक आहे. चांगली मोठी.” “कोणत्या अंगाला?” “नदीच्या.” महाराज म्हणाले, “म्हणजे वाडा दिसायचा नाही.” पंतांनी घसा खाकरला आणि नदी कशी सुंदर आहे ते सांगू लागले. राणीसाहेब आत न जाता माघारी फिरल्या. आणि त्यांस प्रथम वाईट वाटले, आणि मग वाईट वाटता वाटता एक कुतूहल उपजले, ते ऐसे की मामंजींच्या पायांस नेमके जाहले तरी काय, जखम नाही, हाड मोडले नाही, मग ते उठणे गेले कोठे?

मग बाईंनी पाहणे आरंभिले. महाराज उठत तेव्हां खांबाआडून पाहिले, आणि दिसले ते ऐसे की महाराज हात देतात आणि डोळे मिटतात, आणि विहिरीतून घागर यावी तैसे वर येतात. गुडघे वाकवून जोर लावतात ते पंत. मग बाईंनी पंतांकडे पाहिले. पंतांच्या पिंढऱ्या मुसळासारख्या, आणि जिना चढताना धाप म्हणून लागत नाही. बाईंनी विचारिले, “पंत, तुमचे वय काय हो?” “अठ्ठावन्न, राणीसाहेब.” “गुडघे दुखतात?” “गुडघे?” पंतांनी खाली पाहिले, जणू कोणी ठेवून गेले आहे. “नाही बुवा. कधी लक्षच गेले नाही.” तेव्हां बाईंच्या मनात आले की महाराजांचे दहा वर्षांचे उठणे वाया गेले नाही, ते सारे पंतांच्या मांड्यांत जमा जाहले आहे.

नंतर दाजीशास्त्री वैद्यांस बोलाविले. ते म्हणाले, “सांधे झिजले. तेल लावावे, ऊब द्यावी, हलवू नयेत.” बाई म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, दुखतात म्हणून हलवीत नाही, की हलवीत नाही म्हणून दुखतात?” वैद्यांनी तपकिरीची डबी काढिली, पुन्हा ठेविली, आणि म्हणाले, “हे मला आजवर कोणी विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही. पाहावे लागेल.” वैद्य मानी होते, परंतु लबाड नव्हते.

आता महाराजांस एक वडील भगिनी होत्या, गोदाऊ आत्यासाहेब. महाराजांहून आठ वर्षांनी मोठ्या, देवीच्या देवळामागे दोन खोल्यांत राहत. उठावणीस गादीस जोडलेला, आणि गादी पुरुषाची, सबब आत्यासाहेबांस कोणी उठावणीस नेमला नव्हता. राणीसाहेब त्यांच्या दर्शनास गेल्या, तो आत्यासाहेब भुईवर बसून फुलवाती वळीत होत्या, आणि बाळास पाहून उठल्या, आतून गुळाचा खडा आणला, पुन्हा खाली बसल्या. राणीसाहेब पाहतच राहिल्या आणि म्हणाल्या, “आत्यासाहेब, पुन्हा एकदा उठता?” “का गं, पहिले उठणे पसंत नाही पडले?” तरी उठल्या. राणीसाहेब दुसऱ्या अंगास गेल्या आणि म्हणाल्या, “आता इकडून दाखवा.” “मुली, मी काय उत्सवमूर्ती आहे, प्रदक्षिणा घालतेस ती?” परंतु मनातून त्यांस मौज वाटली होती. त्या ऐशा उठत की प्रथम एका कुशीकडे वळत, दोन्ही तळवे भुईस लावीत, गुडघ्यांवर येत, मग एक पाऊल पुढे टाकून त्याच गुडघ्यावर हात रोवीत, आणि श्वास सोडीत वर येत. बाईंनी विचारिले, “आधीपासून असेच?” आत्यासाहेब म्हणाल्या, “छे. आधी टुणकन उठत होते. मग एकेक वाट बंद होत गेली तसतशी दुसरी काढली. उठायचे तर रोजच होते. तांब्या भरून कोण देणार मला, तुझा तो खांबासारखा पंत?”

मग आत्यासाहेबांनी बाळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “याला खाली ठेव जरा.” “भुईवर?” “मग काय छपरावर?” बाई म्हणाल्या, “मुंगी चावेल. आणि डोके आपटले म्हणजे?” आत्यासाहेबांनी वात वळता वळता म्हटले, “तिकडे एकजण उठत नाही, इकडे एकाला तू उठू देत नाहीस. फार कर्तबगार घर आहे आपले.” राणीसाहेबांचे कान लाल जाहले. त्यांनी आपला शेला अंथरिला, त्यावर बाळास ठेविले, आणि दोन्ही हात त्याच्या दोन अंगांस धरून बसल्या. बाळ शेल्यावर क्षणभर राहिला आणि लगोलग भुईवर गेला, आणि तेथे त्याने तळवे टेकले, गुडघे टेकले, फुलवातींच्या चौरंगास धरून एक पाऊल पुढे रोविले, अर्धा उठला आणि बसला. पुन्हा तेच. राणीसाहेबांनी आत्यासाहेबांकडे पाहिले आणि मग बाळाकडे पाहिले, आणि त्यांस कळले की येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची वाट एकच आहे. “गप्प का झालीस?” आत्यासाहेबांनी विचारिले. “पाहते आहे,” त्या म्हणाल्या.

मग मोहीम ठरली. राणीसाहेबांनी महाराजांस सर्व सांगितले. महाराजांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “हे सगळे करतो, पण राजा रांगत नाही.” मग बाकीचे आरंभिले. पहिला मोर्चा उंच चौरंगाचा. हात मांडीवर ठेवून, पावले मागे घेऊन, पुढे झुकून उठणे आणि हळू बसणे. ते साधले तेव्हां चौरंग ठेंगणा आणला. मग खांबास बोटे लावून एका पायावर उभे राहणे, टाचा उचलणे, आणि अंगणात चालणे, त्यात वळताना अंग आणि पाय दोन्ही बरोबर वळवणे, हे राणीसाहेबांचे खास कलम. पंतांस मोठे संकट पडले. महाराज हलले की पंतांचे हात आपोआप पुढे जात. बाई म्हणत, “पंत, हात.” पंत मागे घेत आणि म्हणत, “राणीसाहेब, तीन पिढ्यांची सवय आहे. आमच्या घरी मूल जन्मले तरी आधी हात पुढे करते.” “मग महाराजांच्या बरोबर तुम्हीही उठबस करा, म्हणजे हात कामात राहतील.” येणेप्रमाणे सदरेत उठणारा आणि उठवणारा शेजारी शेजारी उठाबशा काढू लागले, आणि पहारेकरी भिंतीकडे तोंड करून हसले. दाजीशास्त्री रोज येऊन गुडघा दाबून पाहत. स्नायू थकून दुखला तर चालू द्यावे, सांधा सुजला वा कळ उठली तर थांबावे, ऐसा त्यांनी नियम घातला. माघमासी एके दिवशी ते आपणहून म्हणाले, “पाय भरले आहेत. मी हलवू नका म्हणत होतो ते चुकले,” आणि तपकीर ओढिली.

फाल्गुनात भुईवर बसण्याचा मोर्चा आला आणि तेथे मोहीम अडली. महाराज सरळ खाली बसू गेले, तोल गेला, आणि जाजमावर एका अंगास पडले. कोपर खरचटले, आणखी काही नाही. परंतु राणीसाहेबांनी रक्त पाहिले आणि त्याच पावली मोहीम उठविली, आणि पंतांस म्हणाल्या, “आता तुमचे काम तुम्ही करा.” पंतांनी हात पुढे केले आणि महाराजांनी हात दिला, आणि काही दिवस पुन्हा घागर वर येऊ लागली. मग एके सकाळी पंत आले तेव्हां महाराज म्हणाले, “पंत, राहू द्या,” आणि चौरंगावरून आपले आपण उठून राणीसाहेबांच्या दालनाशी गेले. बाई म्हणाल्या, “मामंजी, मला भीती वाटते हो.” महाराज म्हणाले, “मलाही वाटते. पण बसून राहिल्याने ती जात नाही, हे मी दहा वर्षे पाहिले.” तेव्हां बाईंनी डोळे पुसले आणि लगेच हुकूम केला की सदरेत चारी अंगांस जाड गाद्या घालाव्या, आणि आत्यासाहेबांस पालखी पाठवावी. पालखी रिकामी परत आली आणि आत्यासाहेब मागून चालत आल्या.

आल्या त्या म्हणाल्या, “काय रे रायबा, किल्ले घेतलेस आणि जाजम घेता येत नाही?” महाराज म्हणाले, “आक्का, मी चार पायांवर येणार नाही.” “आधी येत होतास.” “कधी?” “वर्षाचा असताना. मी पाहिले आहे. तुझ्यापेक्षा कुत्रे बरे चालत होते.” मग ऐसे ठरले की पडदे लावावे, पंतांसही बाहेर काढावे, आणि आत फक्त भाऊ आणि बहीण. आतून काय चालले ते कोणास दिसले नाही. ऐकू मात्र आले. “कुशीवर वळ. कुशीवर म्हटले, पाठीवर नाही.” “आक्का, ओरडू नकोस.” “तळवा टेक. आता गुडघा. दुसरा. तो कोणाचा आहे, शेजाऱ्याचा? टेक तोही.” एवंच पडद्याआड महाराज उठू लागले, आणि खाली वाकून बाळाच्या वजनाची चिंचोक्यांची थैलीही उचलू लागले. परंतु पडद्याबाहेर रांगणार नाही हा त्यांचा शब्द कायम राहिला. ते म्हणाले, “त्या दिवशी मी सरळच उठेन.” आत्यासाहेब म्हणाल्या, “सरळ तू उठणार नाहीस.” महाराज म्हणाले, “पाहू.”

नवे संवत्सर लागले, त्याचे नाव बहुधान्य. चैत्रमासी दिवस ठरला. युवराज सरहद्दीवरून आले. देवीच्या अंगणात एका अंगास मानकरी, दुसऱ्या अंगास कनातीच्या आड बायका, मध्ये उघडी माती. तळगढीस जावयाचा मेणा रिवाजाप्रमाणे दारात आणून ठेविला होता आणि भोई त्याला टेकून उभे होते. महाराजांनी बाळास युवराजांच्या हातून घेऊन मातीवर बसविले आणि आपण शेजारी बसले. बसणे उत्तम जाहले. मग उपाध्यांनी म्हटले, “उठावे.” महाराजांनी मांड्यांवर हात ठेविले आणि सरळ उठू गेले, आणि अंग वीतभर वर आले आणि परत बसले. पुन्हा केले. पुन्हा बसले. मानकऱ्यांत कुजबुज जाहली. एका भोयाने मेण्याचा दांडा नीट केला. पंतांचे दोन्ही हात पुढे जाऊ लागले, आणि कनातीआडून हळू आवाज आला, “पंत, हात.” पंतांनी ते पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरिले, आणि डोळे मिटले.

मग महाराजांनी मेण्याकडे पाहिले, आणि बाळाकडे पाहिले. बाळ मातीत तळवे मारीत होता. मग महाराजांनी मुंडासे काढून बाजूस ठेविले आणि सर्व दरबारादेखत एका कुशीकडे वळले. तळवे मातीस लाविले. गुडघा आला, दुसरा आला, आणि राज्याचा धनी चार पायांवर उभा राहिला, पाठ थेट मानकऱ्यांकडे. एक मानकरी हसला. तेव्हां कनातीच्या आतून आत्यासाहेब बोलिल्या, “ज्याला हसू आले त्याने खाली बसून घ्यावे. मग उठताना आम्ही पाहू.” कोणी बसले नाही, आणि हसणेही तेथेच राहिले. महाराजांनी डावे पाऊल पुढे रोविले, गुडघ्यावर दोन्ही हात ठेविले, श्वास सोडिला, आणि वर येऊ लागले, सावकाश, मध्ये एकदा थांबून, आणि उभे राहिले. गुडघ्यांस माती लागलेली, पांढरे केस विस्कटलेले. कोणाचा हात लागला नव्हता.

परंतु बाळ अजून खाली होता. महाराज वाकू गेले आणि मध्येच थांबले, आणि कनातीकडे तोंड करून सर्वांदेखत विचारिले, “सूनबाई, उचलू?” राणीसाहेब कनात सारून पुढे आल्या. पदर दोन्ही मुठींत धरिला होता, कारण मोकळे हात धावले असते. त्यांनी महाराजांच्या तोंडाकडे पाहिले नाही, पायांकडे पाहिले. आणि म्हणाल्या, “डावा पाय थोडा मागे घ्या, मामंजी. गुडघे वाकवा, कंबर नको. हां. आता उचला.” महाराजांनी उचलिले. बाळास सूर्यापुढे धरिले, आणि बाळाने मातीचा हात आजोबांच्या तोंडावर मारिला, आणि महाराज हसले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आले, ते पुसावयास हात मोकळा नव्हता, म्हणून तैसेच राहू दिले. उपाध्यांनी अक्षता टाकिल्या. भोयांनी मेणा रिकामाच उचलिला.

एवंच हकीकत इतकी. पुढे त्या राज्यात साठीच्या पुढील मनुष्यांस रोज सकाळी भुईवर बसावयाची आणि आपल्या वाटेने उठावयाची मुभा दिली, आणि मान म्हणून पंत शेजारी बसू लागले, हात मांडीवर ठेवून. चाल मोडली म्हणून काही घराणी रुसली, ती पुढे आपल्याच गुडघ्यांसाठी आली. बाळराजे त्याच वैशाखात चालू लागले आणि रोज पडत, आणि राणीसाहेब खिडकीशी उभ्या राहून पाहत, धावत नसत, क्वचित धावत. महाराजांचा डावा गुडघा थंडीत दुखे, त्या दिवसांत काठी घेत, आणि कुरकुरत. दुखणे गेले नाही. उठणे आले. लेखनसीमा.